किनारा खुला, शिंपले बंद

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मे महिन्याचा अखेरचा सोमवार म्हणजे उन्हाळी हंगामाचा नारळ फुटण्याचा दिवस. मेमोरियल डेची सुट्टी साधून बोस्टनकर केप कॉडच्या वाटेला लागतात, खानावळींच्या बंद खिडक्या उघडतात आणि तळलेल्या शिंपल्यांचा वास पुन्हा रस्त्यावर दरवळू लागतो. २००५ साली मात्र या सुट्टीच्या आधीच मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर गावोगावी लाल अक्षरांतल्या सूचना लागू लागल्या होत्या. समुद्रात पोहायला मनाई नव्हती. मासे पकडायला नव्हती, खायलाही नव्हती. मनाई होती ती फक्त शिंपले काढण्याला.

मेच्या मध्यापासून सुरू झालेली ही बंदी एकेका खाडीगणिक दक्षिणेकडे सरकत गेली. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मेनपासून मॅसॅच्युसेट्सपर्यंतच्या किनाऱ्याचा फार मोठा भाग बंद झाला होता. जूनमध्येच मॅसॅच्युसेट्सचे तत्कालीन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी आणीबाणी जाहीर केली. राज्यांची हद्द किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांवर संपते. त्यापलीकडचे पाणी संघराज्य सरकारचे. त्या पाण्यातीलही सुमारे ४० हजार चौरस किलोमीटरचा पट्टा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या विनंतीवरून शिंपल्यांपुरता बंद करण्यात आला. ही व्याप्ती महाराष्ट्राच्या संपूर्ण कोकण विभागाहून मोठी आहे. आणि एवढे सारे घडूनही त्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला समुद्र नेहमीसारखाच दिसत होता. थंड, हिरवट, स्वच्छ.

या घटनेला 'रेड टाइड' म्हणजे 'लाल भरती' असे म्हणतात. नाव रूढ झाले असले, तरी ते दोन्ही अंगांनी फसवे आहे. भरती-ओहोटीशी तिचा थेट संबंध नाही आणि बहुतेक वेळा पाणी लालही होत नाही. समुद्राच्या वरच्या थरात सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म एकपेशीय शैवालांच्या शेकडो जाती आहेत. अनुकूल तापमान, प्रकाश आणि पोषणद्रव्ये मिळाली की त्यांपैकी एखादी जात झपाट्याने वाढते. काही जातींची दाटी इतकी होते की पाणी तांबूस, तपकिरी किंवा हिरवे दिसू लागते. त्यातल्या बहुसंख्य निरुपद्रवी असतात, किंबहुना समुद्रातील सारी अन्नसाखळीच त्यांच्यावर उभी असते. मोजक्या जाती मात्र विष तयार करतात. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गुन्हेगाराचे नाव आहे अलेक्झांड्रियम कॅटेनेला. २००५ साली शास्त्रज्ञ तिला अलेक्झांड्रियम फंडीएन्स या नावाने ओळखत असत. ही जात इतकी जहाल आहे की एका लिटर पाण्यात तिच्या काही शे पेशी असल्या, तरी त्या पाण्यातले शिंपले खाण्यास अयोग्य ठरू शकतात. एवढ्याशा पेशींनी पाण्याचा रंग बदलत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ 'लाल भरती' ऐवजी 'घातक शैवाल-बहर' हा शब्द पसंत करतात. पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जुने नावच टिकून आहे.

गाळणीत साचलेले विष

शैवालाचे विष शिंपल्यातच का साचते, याचे उत्तर शिंपल्याच्या जेवणात आहे. कालवे, तिसऱ्या, शिणाणे हे सारे दोन झाकणांचे प्राणी पाणी आत घेतात, कल्ल्यांतून गाळतात आणि त्यातले सूक्ष्म कण खातात. एक मोठे कालव दिवसभरात शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकते. पाण्यात विषारी पेशी विरळ असल्या, तरी हे गाळण्याचे काम अहोरात्र चालू राहिल्याने शिंपल्याच्या मांसात विषाचा साठा होत जातो. शिंपल्याला त्याची विशेष बाधा होत नाही. त्याची चव बदलत नाही, वास बदलत नाही, रंगही बदलत नाही. बाधा होते ती खाणाऱ्याला.

अलेक्झांड्रियमच्या विषाचे नाव सॅक्सिटॉक्सिन. अलास्काच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या 'बटर क्लॅम' नावाच्या शिंपल्याचे शास्त्रीय कुळनाम सॅक्सिडोमस. त्यावरून हे नाव पडले. आपल्या मज्जातंतूंमधून संदेश पुढे सरकतो तो पेशींच्या पडद्यावरील सोडियमच्या सूक्ष्म दारांमधून. सॅक्सिटॉक्सिनचा रेणू त्या दारात बुचासारखा अडकतो आणि संदेश थांबतो. विषारी शिंपले खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांच्या आत ओठ आणि जीभ झिणझिणू लागते. मग बधिरपणा चेहऱ्यावर, बोटांच्या टोकांवर पसरतो. बोलणे अडखळते, चालताना तोल जातो. विष अधिक असेल, तर श्वास चालवणारे स्नायूच लुळे पडतात आणि माणूस शुद्धीत असतानाच गुदमरतो. यावर उतारा नाही. रुग्णाला वेळेवर कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवता आले, तर शरीर विष लघवीवाटे बाहेर टाकते आणि माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. पहिले बारा ते चोवीस तास निभावले की जीव वाचला, असे डॉक्टर मानतात.

गृहिणींच्या दृष्टीने यातली सर्वांत गैरसोयीची गोष्ट अशी की हे विष उष्णतेला दाद देत नाही. शिंपले उकळा, तळा, वाफवा, बर्फात गोठवा, लिंबू पिळा. सॅक्सिटॉक्सिन कायम राहते. उलट, उकळलेल्या पाण्यात ते उतरते, त्यामुळे रस्सा पिणाऱ्यालाच जास्त धोका. चांदीचा चमचा काळा पडला तर शिंपले विषारी, अशा समजुती युरोप-अमेरिकेत फार काळ चालत आल्या. त्यांना काडीचाही आधार नाही.

विषाच्या ताकदीची एक वेगळीच पावती हेरगिरीच्या इतिहासात सापडते. १९६० साली सोव्हिएत संघावरून उडताना पाडण्यात आलेल्या यू-२ या टेहळणी विमानाचा वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स याच्याजवळ चांदीच्या डॉलरच्या नाण्यात दडवलेली एक सुई होती. तिच्यावर हेच विष होते. १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीसमोर, राष्ट्राध्यक्षांचा आदेश डावलून गुप्तहेर खात्याने सुमारे अकरा ग्रॅम शिंपल्याचे विष साठवून ठेवल्याचे उघड झाले. रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आजही सॅक्सिटॉक्सिनचे नाव आहे. ताटातल्या कालवांतून ते पोटात जाऊ नये यासाठी किनारे बंद करावे लागतात, यात नवल नाही.

उंदीर आणि ऐंशी मायक्रोग्रॅम

या विषाची ओळख माणसाला जुनी आहे. १५ जून १७९३ रोजी कॅप्टन जॉर्ज व्हॅंकूव्हर याच्या मोहिमेतील खलाशांनी आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर न्याहारीला शिंपले भाजून खाल्ले. काही वेळातच अनेकांचे हातपाय बधिर झाले. जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दुपारी मरण पावला. त्याला जेथे पुरले, त्या उपसागराला व्हॅंकूव्हरने कार्टर बे आणि जेथे ते शिंपले खाल्ले त्या जागेला पॉयझन कोव्ह असे नाव दिले. नकाशावर ही नावे आजही आहेत.

शास्त्रीय छडा मात्र लागला तो विसाव्या शतकात. १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात शिणाणे खाऊन १०२ जणांना विषबाधा झाली आणि सहा जण दगावले. त्यानंतर हर्मन सॉमर आणि कार्ल मेयर या संशोधकांनी दहा वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा करून १९३७ मध्ये दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक, विष शिंपल्याचे नसून त्याने खाल्लेल्या सूक्ष्म शैवालाचे आहे. दुसरी, ते मोजता येते. मोजण्याचे साधन होते उंदीर. शिंपल्याचे मांस वाटून, आम्लात उकळून काढलेला एक मिलिलिटर अर्क वीस ग्रॅम वजनाच्या उंदराच्या पोटात टोचायचा आणि घड्याळ लावून बसायचे. उंदीर किती मिनिटांत मरतो, त्यावरून विषाचे प्रमाण काढायचे. पंधरा मिनिटांत उंदीर मारणारी मात्रा म्हणजे एक 'उंदीर एकक'. एका नमुन्यासाठी सहसा तीन उंदीर लागतात.

ही पद्धत ओबडधोबड वाटते आणि प्राणिमित्रांचा तिला सातत्याने विरोध राहिला आहे. आता अनेक देशांनी तिच्याऐवजी रासायनिक विश्लेषणाची यंत्रे आणली आहेत. पण कित्येक दशके सारा उत्तर अटलांटिक किनारा उंदरांच्या भरवशावर शिंपले खात होता, हे विसरता येत नाही. १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम ही सुरक्षिततेची मर्यादा त्याच काळात ठरली आणि जगभर आजही तीच मानली जाते. शिंपल्यांत विष त्याहून वाढले की पाणी बंद. येथे 'थोडे जास्त आहे, पण चालेल' असा अधिकाऱ्याच्या मर्जीचा मामला नसतो.

प्रत्यक्षात बंदीचा निर्णय कसा होतो, हे मेन राज्याच्या उदाहरणावरून समजते. तेथे १९५८ पासून शिंपल्यांची नियमित तपासणी चालते. मेनचा किनारा नकाशावर आखूड दिसतो; पण खाड्या, बेटे आणि सुळक्यांचे सारे वळसे मोजले, तर त्याची लांबी साडेपाच हजार किलोमीटरच्या घरात जाते. एवढ्या किनाऱ्यावरचा प्रत्येक शिंपला तपासणे अशक्य. म्हणून वसंत ऋतू लागला की ठरावीक ठिकाणांहून दर आठवड्याला नमुने गोळा केले जातात. त्यांतही शिणाण्यांना प्राधान्य असते. कारण शिणाणे विष सर्वांत लवकर साठवतात. काही ठिकाणी ते जाळीच्या पिशवीत भरून मुद्दाम पाण्यात टांगून ठेवतात. कोळशाच्या खाणीत पूर्वी पिंजऱ्यातला पक्षी नेत, तसाच हा पहारेकरी. त्याच्यात विष चढू लागले की आसपासच्या इतर शिंपल्यांचे नमुने वाढवले जातात आणि मर्यादा ओलांडण्याच्या बेतात असतानाच तो पट्टा बंद होतो. कोणत्या खडकापासून कोणत्या दीपगृहापर्यंत, अशा शब्दांत हद्द जाहीर होते. सागरी गस्तीचे पोलीस फिरू लागतात. बंद पाण्यात शिंपले काढताना सापडणाऱ्याला दंड होतो आणि परवानाही जाऊ शकतो.

सगळे शिंपले एकाच मापाने मोजता येत नाहीत, ही यातली खरी गुंतागुंत. शिणाणे लवकर विषारी होतात, तसे लवकर शुद्धही होतात. बहर ओसरला की काही आठवड्यांत त्यांच्यातले विष निघून जाते. अलास्काचा बटर क्लॅम मात्र ते दोन-दोन वर्षे धरून ठेवतो. स्कॅलप या शिंपल्याचे आतडे आणि अंडाशय विषारी असले, तरी अमेरिकेत त्याचा फक्त झाकणे मिटणारा पांढरा स्नायू खातात आणि त्यात विष उतरत नाही. म्हणून बंदीच्या काळातही स्कॅलपची विक्री चालू राहू शकते. लॉब्स्टरचे मांस निर्धोक. त्याच्या पोटातली हिरवी ग्रंथी, जी तिथले खवय्ये आवडीने चाटूनपुसून खातात, ती मात्र टाळावी असे सरकार सांगते. माशांच्या मांसातही हे विष सहसा साचत नाही, पण आतड्यांत साचू शकते. १९८७ च्या हिवाळ्यात केप कॉडच्या किनाऱ्यावर १४ हंपबॅक देवमासे मरून पडले. त्यांनी गिळलेल्या बांगड्याच्या जातीच्या माशांत सॅक्सिटॉक्सिन सापडले होते. देवमासा मासा आतड्यांसकट गिळतो.

बाजारातल्या शिंपल्यांचा माग काढता यावा म्हणून अमेरिकेत प्रत्येक गोणीला चिठ्ठी बांधावी लागते. तिच्यावर काढणाऱ्याचा परवाना क्रमांक, पाण्याचे ठिकाण आणि तारीख असते. ही पद्धत लाल भरतीपायी आलेली नाही. १९२४-२५ च्या हिवाळ्यात सांडपाण्याने दूषित झालेली कालवे खाऊन विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा शिंपल्यांच्या आरोग्य-नियंत्रणाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिचाच उपयोग पुढे शैवालाच्या विषाविरुद्ध झाला.

२००५ चा बहर कोठून आला?

अलेक्झांड्रियमची पेशी वर्षाचा बराच काळ समुद्रतळाच्या गाळात झोपून काढते. टणक कवचाची ही सुप्त पेशी, जिला सिस्ट म्हणतात, वर्षानुवर्षे तग धरू शकते. तिच्यात चक्क एक अंतर्गत वार्षिक घड्याळ असते, असे वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे डोनाल्ड अँडरसन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. खोल, अंधाऱ्या, वर्षभर सारख्याच थंड गाळातही वसंताची चाहूल तिला या घड्याळामुळे लागते. मग कवच फोडून ती बाहेर येते, पोहत वर जाते आणि दुभागत सुटते. पोषणद्रव्ये संपत आली की पुन्हा जोड्या जमतात, नव्या सिस्ट बनतात आणि गाळात जाऊन पडतात. मेनच्या आखातात अशा सिस्टची दोन मोठी 'बियाणे-क्षेत्रे' आहेत. एक कॅनडालगतच्या फंडीच्या उपसागरात आणि दुसरे मेनच्या मध्य किनाऱ्यासमोर.

२००४ च्या शरद ऋतूत घेतलेल्या गाळाच्या नमुन्यांत या सिस्टची संख्या नेहमीपेक्षा कितीतरी अधिक आढळली होती. बियाणे तयार होते. त्यानंतरच्या हिवाळ्यात भरपूर बर्फ पडले आणि वसंतात पाऊसही जोरदार झाला. नद्या फुगल्या, त्यांचे गोडे, हलके पाणी किनाऱ्यालगत वरच्या थरात पसरले आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणाऱ्या प्रवाहाला जोर आला. तरीही वारे नैऋत्येकडून वाहत राहिले असते, तर पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकले असते आणि बहर खोल समुद्रातच विरला असता. मेमध्ये एकापाठोपाठ एक अशी दोन ईशान्येकडची वादळे आली. तिथले लोक त्यांना नॉरईस्टर म्हणतात. या वादळांनी विषारी पाणी मॅसॅच्युसेट्सच्या उपसागरात रेटले आणि केप कॉडच्या बाकदार भूमीने ते तेथेच अडवून धरले. १९७२ नंतरचा हा सर्वांत मोठा बहर होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका चक्रीवादळाच्या पाठोपाठ मॅसॅच्युसेट्समध्ये प्रथमच हे विष पोहोचले होते आणि लोक आजारी पडल्यावरच सरकारला जाग आली होती.

२००५ मध्ये तसे झाले नाही. बाजारातले शिंपले खाऊन एकही माणूस आजारी पडल्याची नोंद नाही. व्यवस्थेचे हे यश निर्विवाद आहे. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे.

मेन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये शिंपले काढणारे बहुतांश लोक कोणाचे नोकर नसतात. ओहोटी लागली की गुडघाभर बुटांनिशी चिखलात उतरायचे, आखूड दांड्याच्या दाताळ्याने चिखल उलथायचा आणि कंबर मोडेस्तोवर वेचायचे, असा हा धंदा. परवाना गावाकडून मिळतो, होडी आणि इंधन स्वतःचे. शिंपले निघाले तर त्या दिवशी पैसे, नाहीतर नाही. वर्षातला मोठा गल्ला मेमोरियल डे ते चार जुलैचा स्वातंत्र्यदिन या पाच-सहा आठवड्यांतच जमतो आणि बंदी नेमकी त्याच आठवड्यांत आली. शिंपले चिखलात जिवंत होते, वाढत होते, पण त्यांना हात लावता येत नव्हता. शेतकऱ्याचे पीक उभे असताना बाजार समिती बंद व्हावी, तशी ही गत. कालवांची शेती करणाऱ्यांनी बँकेचे कर्ज काढून बी टाकलेले असते. त्यांचे हप्ते बंदीसाठी थांबत नाहीत. संघराज्य सरकारने मत्स्यव्यवसायावरील आपत्ती जाहीर केली, आर्थिक मदतीची दारे त्यामुळे उघडली, पण पैसा हाती येईपर्यंत हंगाम कधीच उलटून गेला होता.

नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. 'लाल भरती' हा शब्द दूरचित्रवाणीवर वारंवार ऐकल्यावर गिऱ्हाइकांनी शिंपलेच काय, मासे आणि लॉब्स्टरही टाळायला सुरुवात केली. खानावळींत विकले जाणारे शिंपले बंदी नसलेल्या किनाऱ्यांवरून आणलेले आणि पूर्ण सुरक्षित होते. तरी दारावर तसा फलक लावण्याची वेळ मालकांवर आली. याबाबतीत प्रसारमाध्यमांनी स्वतःकडेही थोडे पाहायला हवे.

पुढची पायरी अर्थातच बहराचा आगाऊ अंदाज वर्तवण्याची होती. गाळातील सिस्टची गणना, वारे, प्रवाह आणि नद्यांचे पाणी यांचे गणित संगणकावर मांडून अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या वसंतात मोठ्या बहराचा इशारा दिला. तो तंतोतंत खरा ठरला. २०१० मध्येही तसाच इशारा देण्यात आला, कारण गाळातली सिस्टची संख्या विक्रमी होती. त्या वर्षी बहर आलाच नाही. समुद्रातील पाण्याचे वस्तुमानच बदलले होते; ते नेहमीपेक्षा उबदार आणि पोषणद्रव्यांनी दरिद्री होते. बियाणे भरपूर असूनही शेत पिकले नाही. तेव्हापासून अंदाजात केवळ सिस्टवर विसंबले जात नाही. अंदाज कितीही सुधारले, तरी किनारा बंद करण्याचा निर्णय मात्र शिंपल्याच्या मांसातल्या विषावरूनच घेतला जातो.

फ्लोरिडाचा अपवाद येथे सांगायला हवा. मेक्सिकोच्या आखातातील कॅरेनिया ब्रेव्हिस हे शैवाल खरोखरच पाणी रंगवते, हजारो मासे मारते आणि लाटांच्या तुषारांतून हवेत मिसळून किनाऱ्यावरच्या माणसांना खोकवते. त्याचे विष वेगळे, ब्रेव्हेटॉक्सिन. तेथे पाण्याच्या एका लिटरमध्ये पाच हजार पेशी आढळताच शिंपल्यांची क्षेत्रे बंद केली जातात. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेला तेथील एक बहर २०१९ च्या सुरुवातीपर्यंत रेंगाळला होता. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर तर १९८७ मध्ये आणखी तिसरेच विष सापडले. शिणाणे खाऊन शंभरहून अधिक लोक आजारी पडले, तीन जण मरण पावले आणि वाचलेल्यांपैकी काहींची स्मरणशक्ती कायमची अधू झाली. कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी अहोरात्र खपून अवघ्या काही दिवसांत गुन्हेगार हुडकला. डोमोइक आम्ल नावाचे ते विष तयार करणारे शैवाल तोवर निरुपद्रवी समजले जात होते.

बंदीला फाटा देऊन विष पोटात पोहोचते ते बहुतेकदा बाजाराबाहेरून. २००७ मध्ये मेनच्या पूर्व भागात समुद्रावर तरंगत आलेल्या एका पिंपाला शिणाणे चिकटले होते. ते काढून खाल्ल्याने चार जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पिंप कोठून कोठे वाहत आले आणि वाटेत कोणत्या पाण्यात राहिले, हे कोणत्या नकाशावर असणार? मे २०२४ मध्ये ओरेगॉनच्या किनाऱ्यावर स्वतः शिणाणे वेचून खाणाऱ्या तीसहून अधिक लोकांना अशीच बाधा झाली आणि राज्याला आपला सारा किनारा शिणाण्यांपुरता बंद करावा लागला. कॅलिफोर्नियाने हा धडा फार पूर्वी गिरवला आहे. तेथे हौशी मंडळींना दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर शिणाणे काढण्यास सरसकट मनाई असते. मग त्या वर्षी विष सापडो वा न सापडो.

बंदी घालण्याइतकीच ती उठवणेही चिकाटीचे काम. एखादा नमुना मर्यादेखाली आला म्हणून किनारा खुला होत नाही. ठरावीक अंतराने सलग स्वच्छ नमुने मिळावे लागतात. २००५ चे किनारे जूनच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने खुले झाले. खोल समुद्रातल्या जॉर्जेस बँक या विस्तीर्ण उथळ पट्ट्याची कथा याहून दीर्घ आहे. १९९० मध्ये तेथे मासेमारीला गेलेल्या सहा जणांनी जाळ्यात आलेले शिणाणे उकडून खाल्ले आणि ते सारे आजारी पडले. त्यानंतर तो भाग विशिष्ट जातींच्या शिंपल्यांसाठी बंद झाला. बंदरापासून इतक्या दूर आठवड्याला नमुने आणायला जाणार कोण? अखेर बोटीवरच प्राथमिक चाचणी करायची, उतरवल्यावर बंदरात पुन्हा तपासायचे आणि तोवर माल अडकवून ठेवायचा, अशी पद्धत बसवल्यावर २०१३ मध्ये त्याचा मोठा भाग खुला झाला. मधे २३ वर्षे गेली.

भारताच्या किनाऱ्याला हा धोका परका नाही. १९८१ मध्ये तमिळनाडूत शिंपले खाऊन तिघांचा मृत्यू झाला आणि ८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. १९८३ मध्ये मंगळुरूजवळ एक मुलगा दगावला. सर्वांत मोठी घटना घडली सप्टेंबर १९९७ मध्ये केरळमधील विळिंजम येथे. खडकांवरचे तपकिरी शिणाणे खाल्ल्यानंतर सात जणांचा बळी गेला आणि पाचशेहून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले. पावसाळ्यात खोल समुद्रातले पोषणयुक्त पाणी केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर वर येते आणि त्यानंतरचे हे महिने शैवालाला मानवणारे असतात. या तिन्ही वेळी विषाची वर्दी प्रयोगशाळेतून नव्हे, तर रुग्णालयातून मिळाली.

कोकण आणि मुंबईच्या वाचकांनी अलीकडच्या वर्षांत हिवाळ्याच्या तोंडाशी रात्री निळसर चमकणाऱ्या लाटांच्या बातम्या वाचल्या असतील. ही करामत नॉक्टिल्यूका नावाच्या जीवाची. त्याच्या बहराने पाणी कधी तांबूस, कधी हिरवे होते. अरबी समुद्रात त्याचा प्रसार वाढत असून त्याचा संबंध प्राणवायू कमी झालेल्या पाण्याशी आहे, असे जोआकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडले. नॉक्टिल्यूका सॅक्सिटॉक्सिन तयार करत नाही. तो अमोनिया सोडतो आणि पाण्यातला प्राणवायू घटवतो, त्यामुळे फटका बसतो तो मुख्यतः माशांना आणि मच्छीमारांना. समुद्रातील शैवालाचे बहर उपग्रहांवरून टिपून त्यांची माहिती देण्याची सेवा हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था चालवते. अलेक्झांड्रियमसारखा विरळ बहर मात्र उपग्रहाला दिसत नाही. तो दिसायचा, तर शिंपलाच तपासावा लागतो.

ओहोटीच्या वेळी खाडीत उतरून तिसऱ्या, खुबे आणि कालवे काढण्याचे काम कोकणात आणि गोव्यात मुख्यतः बायकाच करतात. टोपलीतला माल सकाळी बाजारात येतो, वाट्यांनी मांडला जातो आणि दुपारच्या आत संपतो. कोणता वाटा कोणत्या खाडीतला, हे सांगणारी चिठ्ठी त्या टोपलीला नसते. विचारले, तर विकणारी खाडीचे नाव सांगते.